लग्नपत्रिकांचा तारा

माझे सासरे आबाजी साळवे यांनी एकतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला. इन्स्पेक्शन खातं. मशीनवरून उतरलेला माल यांच्या टेबलावर यायचा, आणि यांनी मान हलवल्याशिवाय एक नग गेटबाहेर पडायचा नाही. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं काही थांबलं नाही. माझ्या पोळीची कड जाड, माझा नवरा रोहिदास याच्या शर्टाची कॉलर तिरकी, शेजारच्या हिंदुरावांच्या दाराची कडी दोन मिलिमीटर खाली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिलं वर्ष मी मोरीत नळ सोडून रडायचे. दुसऱ्या वर्षापासून उलट उत्तर द्यायला लागले, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं तीनच. पण नाताळ आला की गल्लीतली पोरंसोरं, बाया, अगदी कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा विचारायचा, आबांचा स्टार कधी लागणार? आबा दरवर्षी दारावरचा तारा घरी करायचे. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि मैद्याची खळ, एवढंच सामान. बाजारात पैसे टाकून आणलेला तारा आमच्या दाराला कधी लागला नाही. सासूबाई होत्या तेव्हा खळ त्या शिजवायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि खळीत गुठळी राहिली म्हणून बोलणी खायचं कामही माझ्याकडेच आलं.

मग आबांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, आणि गेल्या पावसाळ्यात उजेड आणि अंधार यातला फरकही कळेना. लोक यायचे आणि सांगायचे, ऑपरेशन करून घ्या की, आमच्या आत्याला दुसऱ्या दिवशी पेपर वाचता आला. अहो, तो मोतीबिंदू, हा काचबिंदू, यात गेलेली नजर परत येत नाही, हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी शेवटी मला सांगणाऱ्याचाच राग यायला लागला. चहा पिऊन जा, सल्ला नको, असं एकीला मी तोंडावर म्हटलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

खरी भीती मला डोळ्यांची नव्हती. भीती होती ती आबांच्या गप्प बसण्याची. भिंतीकडेच्या खाटेवर ते सकाळी बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत तसेच. पोळी कशीही झाली तरी खायचे. एकदा मी मुद्दाम एक पोळी करपवली आणि त्यांच्या ताटात वाढली. काळीकुट्ट. त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. त्या दिवशी मात्र मी पुन्हा मोरीत नळ सोडला.

डिसेंबर लागला तसं रोहिदास म्हणाला, "यंदा तयार स्टार मागव. आबांना आठवण नको करून द्यायला." मी निघोज्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला असते. पावणेसहाची बस, हातात मोबाईल, त्यामुळे मागवणं काही अवघड नव्हतं. चार दिवसांत खोकं आलं. प्लास्टिकचा तारा, आत बारीक एलईडी. मी तो बाहेर काढत होते तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"काय हाय ते?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "स्टार आहे, आबा. विकतचा."

"आण इकडं."

त्यांनी तो मांडीवर घेतला. उजव्या हाताचा अंगठा एका टोकावर ठेवला आणि नख कडेवरून सावकाश फिरवलं. मग दुसरं टोक, तिसरं. कारखान्यात धातूच्या तुकड्याच्या कडेला खरबरीत धार राहिली तर ती डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागते, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. पाचव्या टोकाशी त्यांचा हात थांबला.

"कुनी पास केला हा?"

"म्हणजे?"

"पाचवं टोक आखूड हाय. आन् जोडावर धार राहिलीय. पोराचा हात कापंल."

मी शिवणाचा टेप आणला आणि मोजलं. पाचवं टोक खरोखरच आखूड होतं, तीन मिलिमीटर. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसानं कशात तरी खोट काढली होती.

"परत पाठव," आबा म्हणाले. "स्टार मी करीन."

यावरून घरात भांडण झालं. रोहिदासचं म्हणणं, आबांनी कामट्या तासताना हात कापून घेतला तर? आणि समजा नाहीच जमला, तर? हे दुसरं खरं होतं. तारा जमला नाही तर आबा त्या खाटेवर परत बसतील आणि पुन्हा कशाला हात लावणार नाहीत, ही त्याला भीती होती. मलाही तीच होती. फरक एवढाच, की त्या भीतीपोटी तो नको म्हणत होता, आणि मी हो म्हणत होते, कारण तारा केला नाही तरी ते त्या खाटेवरच बसून राहणार होते. शेवटी मी विकतचा तारा खोक्यात घालून कपाटावर टाकला आणि म्हटलं, "कामट्या नाहीत. दुसरं काहीतरी शोधू, जे बोटांना कापणार नाही."

ते दुसरं काहीतरी हिंदुरावांच्या माळ्यावर होतं. हिंदुराव आबांच्याच कारखान्यातले, प्रेस शॉपमधले, मूळचे कराडकडचे. त्यांची बायको सुमनताई वीस वर्षांच्या लग्नपत्रिका साठवून बसली होती. हौस म्हणून नव्हे. प्रत्येक पत्रिकेवर गणपती, आणि गणपती कचऱ्याच्या गाडीत टाकायचा कसा? म्हणून पिशव्यांवर पिशव्या. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी उठावाची नक्षी. आबांनी एक पत्रिका हातात घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो कागद बोलतो राव."

हिंदुराव म्हणाले, "न्या की सगळ्या! आमची ही म्हणती, देव तेवढे काढून परत द्या, बाकीचं तुमचं."

तसा करारच झाला. आबा बोटांनी उठावाचा गणपती शोधायचे, मी तो कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, आणि डबा भरला की सुमनताई तो निर्माल्याबरोबर विसर्जनाला घेऊन जायच्या. मागच्या गल्लीतल्या मिनलनं तिच्याकडच्याही पत्रिका आणून दिल्या. त्यांच्यावर बुद्धमूर्ती होती. ती कापून मी वेगळ्या पाकिटात घातली आणि मिनलला परत दिली. उरलेल्या कागदावर कुणाकुणाचे सोनेरी वेल, मोर, सनई-चौघडे. ते सगळे आमच्या ताऱ्यात गेले.

तारा कसा करायचा हे आबांनी डोक्यात आधी पक्कं केलं. पाच टोकं, आतून पोकळ, दोन्ही बाजूंनी फुगीर. प्रत्येक टोकाला एक लांबट खिडकी आणि तिला आतून पिवळा पतंगी कागद. मग त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं.

"चेकशीट लिही."

"घरातल्या स्टारला चेकशीट?"

"चेकशीट न्हाई तर माल न्हाई."

मी लिहिली. टोकाची लांबी, बुडाची रुंदी, घडीची सरळ रेघ, खिडकीची वरची कड, खालची कड, कागदाला सुरकुती नको, जोडाला खळ बाहेर नको, पाचही टोकं एका वजनाची. चौदा ओळी झाल्या. ती स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यावर चिकटवली, आणि रोज संध्याकाळी मी कामावरून आले की आबा विचारायचे, "वाच, कुठपर्यंत आलो?"

मापासाठी त्यांनी रोहिदासचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड मागून घेतलं. त्याच्या कडेला मला दोन खाचा पाडायला लावल्या, एक जरा रुंद, एक अरुंद. टोक शेंड्याशी रुंद खाचेत गेलं पाहिजे आणि अरुंद खाचेत जाता कामा नये. गेलं तर फार बारीक, म्हणजे वाकणार. दोन्हीत नाही गेलं तर फार जाड, म्हणजे बेढब. कारखान्यात पोलादाचं असतं तेच गेज, आमच्याकडे प्लास्टिकचं. पहिली सहा टोकं नापास झाली. आबांनी स्वतः केलेली, स्वतःच नापास केली आणि स्वतःच फाडली. मी म्हटलं, "अहो, एवढं कोण बघतंय?" तर म्हणाले, "मी."

ते करताना मी बाजूला बसून बाकीची सजावट करत होते. चिप्सच्या पाकिटांची आतली बाजू चंदेरी असते. ती धुऊन, पुसून, बारीक पट्ट्या कापून मी झालर केली. चहाच्या कागदी कपांना सोनेरी चुरगाळ कागद लावून घंटा केल्या. पत्रिकांच्या पाकिटांच्या साखळ्या करून खिडकीला लावल्या. सुरूची एक फांदी आणली आणि रंगाच्या जुन्या डब्यात वाळू घालून उभी केली. हे सगळं आबा हाताखालून घालत होते आणि यातलं निम्मं मला पुन्हा करावं लागत होतं. खळ चादरीला, खळ माझ्या केसांना, खळ दाराच्या मुठीला. मी चिडायचे, ओरडायचे. आणि मनातून मी इतकी सुखात होते की शिफ्टमध्ये मैत्रिणी विचारायला लागल्या, पगारवाढ झाली का गं?

तेवीस तारखेला आमच्याकडे कॅरोलची मंडळी यायची होती. चर्चमधले वीसेक जण ढोलकी, गिटार घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. संध्याकाळी साडेसातला आमची गल्ली. शेवटचा जोड आदल्या दिवशी लागला, पण आबांनी खळ पुरती वाळल्याशिवाय तारा लावू दिला नाही. तेवीसच्या संध्याकाळी सात वाजता त्यांनी शेवटची तपासणी केली. मी एकेक ओळ वाचत होते, ते बोट फिरवून "हां" म्हणत होते. चौदा ओळी, चौदा वेळा हां. हिंदुराव आणि सुमनताई दारात उभे राहून बघत होते. खरंच सांगते, तसा तारा मी दुकानात पाहिला नाही. पाच टोकं एका साच्यातून काढल्यासारखी, वर सोन्याचे मोर आणि वेल, आणि कुठे खळीचा एक डाग नाही.

"घ्या, लावा," आबा म्हणाले आणि धुतलेला शर्ट घालायला आत गेले.

रोहिदास स्टुलावर चढला. दारावरची वायर दरवर्षीचीच, टोकाला होल्डर. त्यानं एका हातात तारा घेतला, दुसऱ्या हातात होल्डर, आणि तारा फिरवून बघायला लागला. पुढून बघितला, मागून बघितला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

ताऱ्याला दिवा आत घालायला जागाच नव्हती. पाच टोकं, पाच खिडक्या, पिवळा कागद, सगळं चारी बाजूंनी बंद. चौदा ओळींत दिव्याची ओळ नव्हती. ज्याला उजेड दिसत नाही त्याच्या डोक्यातून दिवा निसटला, हे समजू शकतं. पण मी? मी दोन धडक्या डोळ्यांनी दोन आठवडे शेजारी बसले होते. हिंदुराव रोज येऊन बघत होते. रोहिदास, सुमनताई, मिनल, सगळे. आम्ही सगळे आबांच्या हातांकडे बघत राहिलो आणि ताऱ्याकडे कुणीच बघितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी ढोलकी वाजायला लागली होती. रोहिदास स्टुलावरून उतरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कपाटावरचा काढ. तो लावतो. उद्या हा निवांत नीट करू. आबांना काय कळणार आहे?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला बापाची मान खाली गेलेली बघायची नव्हती. पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. ज्या माणसानं नखानं तीन मिलिमीटर पकडले, त्याच्याच दारावर तोच नापास माल लावायचा, आणि त्यानं त्याच्याखाली उभं राहून लोकांचे सलाम घ्यायचे? आणि सगळी गल्ली गप्प राहणार, आणि तो एकटा सोडून सगळ्यांना माहीत असणार? मग ते खाटेवर बसलेलेच काय वाईट होते?

आबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "लागला का?"

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "नाही लागला, आबा. रिजेक्ट आहे."

त्यांचा हात बटणावर थांबला. "काय झालं?"

"दिवा आत घालायला जागा ठेवली नाही."

रोहिदासनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. आबा उभेच. त्यांचा चेहरा पडला, ते मी बघितलं. चुकलं माझं, बोलायला नको होतं, असंही क्षणभर वाटलं.

मग ते म्हणाले, "चेकशीट कुनी लिहिली?"

"तुम्ही सांगितलीत, मी लिहिली."

"म्हंजे दोघंबी आंधळे!" आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खदाखदा. डोळे गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. हिंदुरावही हसले, मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आण इकडं," आबा म्हणाले. "होल्डर बी दे. आन् ब्लेड."

रोहिदास म्हणाला, "आबा, ब्लेड मी धरतो."

"तू स्टूल धर."

तेवढ्यात कॅरोलची मंडळी दारात आलीच. पाळकसाहेब, मागे पोरी, ढोलकीवाला. मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हटलं, "सलाम. या, पण जरा थांबावं लागेल. आमच्याकडे काम चालू आहे." त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. गर्दी न करता बाजूला उभे राहिले आणि हळू आवाजात गाणं सुरू केलं.

आबा उंबऱ्यावर बसले, तारा मांडीवर पालथा घातला. होल्डरभोवती कागदाची पट्टी गुंडाळून त्यांनी माप घेतलं. मग ताऱ्याच्या मागच्या बाजूला, पाचही टोकं जिथे मिळतात तिथे, अंगठ्यानं मध्य शोधला. शोधला, सोडला, पुन्हा शोधला. डाव्या हाताचं नख रेघेवर टेकवून त्याच्या कडेकडेनं ब्लेड चालवलं. एक वाटोळा तुकडा अलगद बाहेर आला. होल्डर घालून बघितलं. बसला. ना ढिला, ना घट्ट. मंडळींचं दुसरं गाणं संपत आलं होतं आणि निम्मी मंडळी गाणं सोडून त्या हातांकडे बघत होती.

रोहिदासनं एलईडीचा बल्ब आणला. आबांनी तो हातात घेऊन चाचपला आणि परत दिला. "ह्यो नको. झिरोचा जुना बल्ब दे, तापणारा. एलईडी लागला का विझला, मला कसं कळायचं?"

असला बल्ब आता कुणाच्या घरात असतो? हिंदुराव घरी गेले आणि देवघरातला लाल झिरोचा बल्ब काढून घेऊन आले. सुमनताई म्हणाल्या, "देव तासभर अंधारात बसले तर रुसत नाहीत."

तारा चढला. मी बटण दाबलं. पाचही खिडक्या एकदम उजळल्या, आणि गल्लीतून "आला, आबांचा स्टार आला!" असा गलका झाला. आबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते रोहिदासचा खांदा धरून स्टुलावर चढले, ताऱ्यामागच्या त्या वाटोळ्या भोकाशी तळहात नेला आणि तसाच धरून ठेवला. मग स्वतःच म्हणाले, "लागला."

मग ते दारात उभे राहिले, छाती काढून, जसे दरवर्षी राहायचे तसे. मंडळींनी तिसरं गाणं जोरात म्हटलं. मी करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा पाळकसाहेब विचारत होते, "आबाजी, यंदाचा तारा कुणी केला?"

"मीच की."

"फार सुंदर झालाय."

"पहिल्या खेपेला रिजेक्ट झाला हुता," आबा म्हणाले. "सुनंनं केला. तोंडावर सांगितलं, रिजेक्ट हाय म्हनून. ही बघा, अंजली. माझी सून."

पाळकसाहेब हसले. मला मात्र हसता येईना. ताट तसंच हातात धरून मी दारात उभी राहिले. एकतीस वर्षं या माणसानं लोकांचा माल नापास केला, आणि आपल्या एखाद्या चुकीबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आता ही एक चूक ते ढोलकीवाल्याला सांगत होते, इस्त्रीवाल्याला सांगत होते, नाताळच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला थांबवून सांगत होते, आणि दर वेळी माझं नाव घेत होते.